मॉरिशसच्या नॅशनल असेंब्लीची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर ‘साठ विरुद्ध शून्य’, म्हणजे मुख्य बेटावरच्या साठही जागा एकाच आघाडीला, हा निकाल मराठी व्हॉट्सॲप गटांवर फिरला, आणि तेव्हापासून प्रश्नांचा ओघ थांबलेला नाही. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला आहे, कुणी नुकतंच फिरून आलंय, कुणाला आपल्या कोकणातून गेलेल्या माणसांचं तिथे पुढे काय झालं याची उत्सुकता आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉरिशस नक्की आफ्रिकेत धरायचा का? आणि तिथली संसद कशी असते?

हो, आफ्रिकेतच. हिंदी महासागरातला बेटांचा देश असला तरी तो आफ्रिकन युनियनचा सदस्य आहे. १२ मार्च १९६८ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि १९९२ साली त्याच तारखेला प्रजासत्ताक. संसदेत एकच निवडून आलेलं सभागृह आहे, नॅशनल असेंब्ली. राज्यसभेसारखं दुसरं सभागृह नाही. लोकांनी थेट निवडलेले ६२ सदस्य असतात: मुख्य बेटावरच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्स बेटावरून दोन. त्यावर जास्तीत जास्त आठ जागा ‘बेस्ट लूझर’ म्हणून दिल्या जातात (प्रश्न ६). सगळे मिळून ७० पर्यंत. राष्ट्राध्यक्ष लोक निवडत नाहीत, असेंब्ली निवडते. खरी सत्ता पंतप्रधानाकडे.

२. निवडणूक किती वर्षांनी होते? तारीख कोण ठरवतं?

मुदत पाच वर्षांची. त्याआधी कधीही असेंब्ली विसर्जित करायचा सल्ला पंतप्रधान देऊ शकतो, त्यामुळे तारखेचा अंदाज बांधणं हा तिथला लाडका उद्योग आहे. २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला ब्रिटनच्या ताब्यातल्या, पण मॉरिशस आपल्या म्हणत आलेल्या चागोस बेटांबद्दल ब्रिटनशी समझोता झाल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी असेंब्ली विसर्जित करून १० नोव्हेंबर ही तारीख दिली. हिशेब उघड होता. चुकला, ती गोष्ट वेगळी.

३. एका मतदाराला तीन मतं असतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या निवडणुकीत बाकी काहीही कळून घ्यायचं तर आधी हे कळायला हवं. मुख्य बेटावरच्या प्रत्येक मतदारसंघातून तीन जण निवडून जातात, म्हणून मतदाराने तीन नावांसमोर फुली मारायची. सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून आले. रॉड्रिग्सला दोन जागा, म्हणून दोन फुल्या.

मतपत्रिकेवर नावं पक्षवार नसतात, आडनावाच्या वर्णानुक्रमाने असतात. उमेदवारांची गर्दी मोठी असते, त्यामुळे कागद लांबलचक होतो आणि आपल्या पक्षाचे तिघे त्यात तीन टोकांना विखुरलेले असतात. म्हणून नावाशेजारचं चिन्ह महत्त्वाचं: नवीन रामगुलाम यांच्या मजूर पक्षाची किल्ली, एमएमएम या पक्षाचं हृदय, जगन्नाथ यांच्या एमएसएमचा सूर्य, पीएमएसडी या पक्षाचा कोंबडा. क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, लोक पक्षाचं नाव घेण्याऐवजी सरळ ‘लाक्ले’, ‘लेकेर’, ‘सोलेय’ म्हणतात. रंगही ठरलेले आहेत: मजूर पक्ष लाल, एमएमएम जांभळा, एमएसएम नारिंगी, पीएमएसडी निळा. प्रचाराच्या दिवसांत गल्लीतले विजेचे खांब पाहिले तरी इथे कुणाचं ‘बाझ’ आहे, म्हणजे कुणाच्या कार्यकर्त्यांचा अड्डा, ते कळतं. आणि अड्डा म्हटला की बिर्याणी आलीच. निवडणुकीतली ‘ब्रियानी’ हा तिथे कायमचा विनोद आहे.

४. मला एकच उमेदवार पसंत असेल तर एकच फुली मारून चालेल का?

नाही, मत बाद होईल. बरोबर तीनच फुल्या हव्यात, दोन नाहीत की चार नाहीत. आपल्याकडच्या महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात मतदान केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथे प्रभागातली प्रत्येक जागा वेगळी असते. मॉरिशसमध्ये तिन्ही जागांसाठी एकच सामायिक यादी असते.

मात्र तिघेही एकाच पक्षाचे असले पाहिजेत असं काही नाही. तिन्ही फुल्या एकाच आघाडीला देणं म्हणजे ‘ब्लॉक’, आणि दोन इथे एक तिथे असं वाटून देणं म्हणजे ‘कूपे-त्रांशे’, कापाकापी. पक्ष अर्थातच ब्लॉकसाठी घसा कोरडा करतात. चांगल्या माणसाला पक्षाबाहेरचं एखादं मत मिळतं ते या कापाकापीतूनच.

५. साठ विरुद्ध शून्य असा निकाल लागतोच कसा? विरोधकांना एकही मत नव्हतं का?

मतं भरपूर होती. २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या ‘आलियांस द्यु शांझमां’ला साठ टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळाली आणि मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा. जगन्नाथ यांच्या ‘आलियांस लेपेप’ला चारात एकाहून जास्त मतदारांनी कौल दिला आणि जागा मिळाली शून्य.

कारण प्रश्न ३ मध्येच आहे. समजा एका मतदारसंघात शंभर मतदार आहेत, पंचावन्न एका आघाडीला ब्लॉक देतात आणि पंचेचाळीस दुसरीला. पहिल्या आघाडीच्या तिन्ही उमेदवारांना प्रत्येकी ५५ आणि दुसरीच्या तिघांना प्रत्येकी ४५. तिन्ही जागा पहिलीला. आपल्याकडे एका जागेवर जे होतं ते इथे एका फटक्यात तीन जागांवर होतं. देशभर वारं एकाच दिशेने असेल तर वीसही मतदारसंघ तसेच पडतात.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम यांनी, १९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएम यांनी असेच साठपैकी साठ घेतले होते. तिन्ही वेळा जिंकणाऱ्यांकडे साधारण साठ ते पासष्ट टक्के मतं होती. ‘जनतेने सुपडा साफ केला’ असं वर्तमानपत्रं लिहितात. मला विचाराल तर त्यात जनतेचा वाटा दोन तृतीयांश, उरलेला मतमोजणीच्या पद्धतीचा.

उलट टोकही पाहा. २०१९ मध्ये लढत तिरंगी होती. जगन्नाथ यांच्या आघाडीला जेमतेम ३७ टक्क्यांवर मतं पडली आणि थेट निवडलेल्या ६२ पैकी ३८ जागा. म्हणजे पाच वर्षांत मतं दहाएक टक्क्यांनी घटली आणि जागा ३८ वरून शून्यावर आल्या. मॉरिशसचे पुढारी निवडणुकीआधी महिनोन्‌महिने ‘कोझे-कोझे’ करत बसतात, म्हणजे आघाडीच्या वाटाघाटी, ते उगाच नाही. तिरंगी लढत झाली की गणितच बदलतं.

६. ‘बेस्ट लूझर’ म्हणजे काय? हरलेला माणूस संसदेत कसा जातो?

स्वातंत्र्याच्या तोंडावर अल्पसंख्याकांना धास्ती होती की बहुसंख्य हिंदू मतदार सगळ्या जागा घेऊन जातील. त्यावर तोडगा म्हणून १९६६ च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशींतून ही तरतूद आली. राज्यघटना लोकसंख्येचे चार समुदाय मानते: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सामान्य लोकसंख्या’. चौथ्याची व्याख्या मजेशीर आहे: ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथ्यात. त्यात मुख्यतः आफ्रिकी वंशाचे क्रेओल आणि फ्रेंच वंशाचे लोक येतात.

निकालानंतर निवडणूक देखरेख आयोग हिशेबाला बसतो. प्रत्येक समुदायाची लोकसंख्या घ्यायची आणि त्याला मिळालेल्या जागांत एक मिळवून त्याने भागायची. ज्याचा भागाकार सर्वात मोठा, त्या समुदायाला पहिली जास्तीची जागा. ती त्या समुदायातल्या अशा पराभूत उमेदवाराला जाते ज्याने आपल्या मतदारसंघात सर्वाधिक टक्के मतं घेतली. मग पुन्हा भागाकार. अशा चार जागा पक्ष न पाहता वाटतात. पुढच्या चार अशा वाटतात की पहिल्या चारमुळे पक्षांचं बिघडलेलं प्रमाण पुन्हा जागेवर यावं. अपक्षाला यातली जागा मिळत नाही, पक्षाचं नाव लागतं.

यातली गोम अशी, की भागायची लोकसंख्या अजूनही १९७२ च्या जनगणनेची आहे. त्यानंतरच्या जनगणनांत समुदाय विचारणंच बंद झालं. अर्ध्या शतकापूर्वीच्या माणसांच्या हिशेबावर आजचे खासदार ठरतात.

७. आठ जागा असतात म्हणता, मग २०२४ मध्ये चारच का दिल्या?

बारकाईने पाहणाऱ्यांचा प्रश्न. पक्षीय समतोलासाठीच्या दुसऱ्या चार जागांतून जिंकलेल्या आघाडीची भरपाई व्हायची असते. पण तिचे साठही उमेदवार निवडून आले, हरलेला एकही उरला नाही, मग द्यायच्या कुणाला? म्हणून पहिल्या चारच वाटल्या आणि असेंब्ली ६६ वर थांबली. १९८२ आणि १९९५ मध्येही असंच झालं होतं. २०२४ च्या चौघांत ‘आलियांस लेपेप’चे जो लेजोंगार आणि आद्रियां द्युवाल होते. लेजोंगार विरोधी पक्षनेते झाले. मतदारांनी नाकारलेला माणूस विरोधी पक्षनेता, हे कानाला खटकतं खरं. पण ही तरतूद नसती तर मुख्य बेटावरून विरोधी बाकावर बसायला कुणी उरलंच नसतं.

८. तिथले मराठी लोक कोणत्या समुदायात मोजले जातात? त्यांच्यासाठी राखीव जागा आहे का?

राखीव जागा कुणालाच नाही. घटनेच्या हिशेबात मराठी, तमिळ, तेलुगू हे सगळे ‘हिंदू’ या एकाच खान्यात जातात. १८३४ नंतर गिरमिटिया म्हणून गेलेल्यांत मुंबई बंदरातून जहाजात चढलेले रत्नागिरीकडचे लोकही होते, त्यांचे हे वंशज. लोकसंख्येत त्यांचा वाटा दोनेक टक्क्यांचा. मतदारसंघ हलवण्याएवढी संख्या एका ठिकाणी कुठेही नाही.

पण घटनेचा खाना वेगळा आणि पक्ष कार्यालयातला कागद वेगळा. उमेदवारी देताना पक्ष मराठी, तमिळ, तेलुगू असा बारीक हिशेब करतात, आणि हिंदूंमधल्या जातींचाही. तिकिटावर एखादं मराठी नाव असतं ते त्या हिशेबामुळे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि निवडणूक जवळ असेल तर आरतीला पुढाऱ्यांची रांग लागते. हे चित्र पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला नको.

एक सूचना: आडनावावरून मराठी उमेदवार ओळखायला जाऊ नका. गिरमिटियांच्या नोंदींत आजोबा-पणजोबांचं पाळण्यातलं नावच अनेकदा पुढे आडनाव झालं, तेही फ्रेंच किंवा इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं.

९. उमेदवाराला आपला समुदाय सांगायचाच नसेल तर?

अर्जावर चार समुदायांपैकी एक लिहावाच लागतो, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. ‘मी मॉरिशियन, बस्स’ म्हणणाऱ्या उमेदवारांचे अर्ज २००५ पासून या मुद्द्यावर अडकले. ‘रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह’ या डाव्या पक्षाच्या मंडळींनी प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेलं. ही सक्ती नागरी हक्कांना धरून नाही, असं मत समितीने २०१२ मध्ये दिलं. त्यावर घटनेत दुरुस्ती झाली, पण फक्त २०१४ च्या निवडणुकीपुरती. २०१९ ला सक्ती परत आली.

याच पक्षाचे अशोक सुब्रॉन २०२४ नंतर मंत्री झाले. इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहून मागितलेली सुधारणा आता आतून करून दाखवायची पाळी त्यांच्यावर आली.

१०. तिथे ईव्हीएम आहे का? मोजणी त्याच रात्री होते का?

मशीन नाही, कागदी मतपत्रिका. मतदान संपलं की मोजणी दुसऱ्या दिवशी. मधली रात्र मतपेट्या पहाऱ्यात असतात आणि पक्षांचे प्रतिनिधी बाहेर डोळ्यात तेल घालून बसलेले असतात. मोजणी त्याच दिवशी व्हावी ही मागणी जुनी आहे. एकेका कागदावर तीन फुल्या असल्याने मोजायला वेळही लागतो. तरी ११ नोव्हेंबर २०२४ ला मोजणी चालू असतानाच जगन्नाथ यांनी मोठा पराभव मान्य केला.

११. मी भारतीय पासपोर्टवर मॉरिशसमध्ये नोकरी करतो. मला मत देता येईल का?

बहुतेकांना या उत्तराचं आश्चर्य वाटतं: येऊ शकतं. घटनेच्या कलम ४२ प्रमाणे मतदार व्हायला मॉरिशसचं नागरिकत्व लागत नाही, ‘राष्ट्रकुलाचा नागरिक’ असणं पुरतं. भारत राष्ट्रकुलात आहे. वय १८ पूर्ण आणि नोंदणीच्या ठरलेल्या तारखेपूर्वी सलग दोन वर्षं वास्तव्य, या अटी. नाव यादीत मात्र हवं. यादीची फेरतपासणी दरवर्षी घरोघर जाऊन होते, त्या वेळी नोंद करून घ्या. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

ही तरतूद वादातीत नाही. बांगलादेशही राष्ट्रकुलात असल्याने २०१९ मध्ये तिथल्या कामगारांच्या मतांवरून बरीच ओरड झाली होती. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या वाटण्यांत किती पडावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

१२. मग भारतीय माणूस निवडणुकीला उभाही राहू शकतो का?

कागदावर, हो. कलम ३३ मध्येही ‘राष्ट्रकुलाचा नागरिक’ असाच शब्द आहे. दोन वर्षांचं वास्तव्य हवं आणि अर्ज भरण्यापूर्वीचे सहा महिने देशातच काढलेले हवेत. शिवाय सभागृहाच्या कामात भाग घेता येईल इतपत इंग्रजी बोलता-वाचता आलं पाहिजे. सभागृहाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, फ्रेंचमध्येही बोलता येतं. प्रचार मात्र जवळजवळ सगळा क्रेओलमध्ये चालतो, त्यामुळे क्रेओल न येणाऱ्याने अर्ज भरून हौस फिटेल, मतं मिळणार नाहीत.

१३. मॉरिशसचे आमचे नातेवाईक ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) काढताहेत. त्यांना भारतात मतदान करता येईल?

नाही. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळण्याची खास सोय जाहीर केली. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर भारतात मत देता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही. म्हणजे गंमत बघा: भारतीय नागरिक तिथे मत देऊ शकतो (प्रश्न ११), तिथला भारतीय वंशाचा नागरिक इथे नाही. परदेशात राहणाऱ्या मॉरिशियनांना टपालाने मत द्यायची सोय तिकडेही नाही.

१४. रॉड्रिग्सच्या जागा साठमध्ये का धरत नाहीत?

कारण तिथलं राजकारणच वेगळं आहे. मुख्य बेटापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या या बेटाचे पक्ष स्थानिक आहेत. २०२४ मध्ये दोन्ही जागा ओपीआर या पक्षाला गेल्या. रॉड्रिग्सची स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे, पण तिची निवडणूक स्वतंत्र होते. बातम्यांत दोन्हींची गल्लत होते, तेवढं जपा.

१५. निवडणूक न होताच पंतप्रधान बदलू शकतो का?

बदलला आहे, दोनदा तरी ठळकपणे. २००० च्या निवडणुकीत एमएसएमचे अनिरुद्ध जगन्नाथ आणि एमएमएमचे पॉल बेरांझे यांच्यात मुदत वाटून घ्यायचं ठरलं होतं. त्याप्रमाणे २००३ मध्ये बेरांझे पंतप्रधान झाले आणि जगन्नाथ राष्ट्राध्यक्ष. फ्रेंच वंशाचे बेरांझे हे त्या पदावर बसलेले पहिले बिगर-हिंदू. दुसरा प्रसंग जानेवारी २०१७ चा: अनिरुद्ध जगन्नाथ यांनी राजीनामा दिला आणि त्यांचे चिरंजीव प्रविंद पंतप्रधान झाले. घटनेला फक्त सभागृहातलं बहुमत लागतं. ‘बाप-लेकाचा सौदा’ म्हणून विरोधकांनी कितीही आदळआपट केली तरी त्यात बेकायदा काही नव्हतं.

१६. पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात हरू शकतो का?

तिथे ती जवळपास रीतच आहे. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम १९८२ मध्ये हरले, अनिरुद्ध जगन्नाथ १९९५ मध्ये, नवीन रामगुलाम २०१४ मध्ये (२०१९ मध्ये पुन्हा, पण तेव्हा ते पंतप्रधान नव्हते), आणि प्रविंद जगन्नाथ २०२४ मध्ये. दोन घराणी, दोन्हीकडचे बाप आणि लेक, चौघांनाही पदावर असताना घरच्याच मतदारांनी पाडलं. तीन फुल्यांचा हा परिणाम: लाट आली की मोठं नावही आपल्या दोन साथीदारांसकट वाहून जातं.

१७. निकालाला कोर्टात आव्हान देता येतं का? कधी कुणाची निवड रद्द झाली आहे?

येतं. निवडणूक याचिका सर्वोच्च न्यायालयात जाते आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. मतदारसंघ क्रमांक ८, कार्तिए मिलितेर–मोका, या बाबतीत गाजलेला आहे. २००५ ला तिथून निवडून आलेले अशोक जगन्नाथ यांची निवड मतदारांना लाच दिल्याबद्दल रद्द झाली. मुस्लिम दफनभूमीसाठी जमीन आणि सरकारी आरोग्यसेवेतल्या नोकऱ्या, असे मुद्दे होते. २००८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल कायम केला, मार्च २००९ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती जिंकली पुतण्या प्रविंद यांनी.

त्याच मतदारसंघातून २०१९ ला प्रविंद निवडून आल्यावर पराभूत उमेदवार सुरेन दयाळ कोर्टात गेले. वृद्धांची पेन्शन वाढवण्याचं आश्वासन ही लाच, असा त्यांचा एक दावा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळलं. फरक लक्षात घ्या: सगळ्यांसाठी जाहीर केलेलं धोरण वेगळं आणि ठरावीक गटापुढे ठेवलेलं बक्षीस वेगळं. आपल्याकडच्या ‘रेवडी’च्या वादात पडणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

१८. २०२४ मध्ये मतदानाआधी सोशल मीडिया बंद केला होता, ती काय भानगड?

ऑक्टोबरमध्ये ‘मिस्ये मुस्तास’, म्हणजे ‘मिशीवाले साहेब’, अशा नावाने पुढारी, पत्रकार, अधिकारी यांच्या फोनवरच्या संभाषणांचे तुकडे इंटरनेटवर येऊ लागले. १ नोव्हेंबरला दूरसंचार प्राधिकरणाने मतदानानंतरच्या दिवसापर्यंत सोशल मीडिया बंद ठेवायचा आदेश काढला. गदारोळ एवढा उठला की दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. ज्यांनी त्या ध्वनिफिती ऐकल्या नव्हत्या त्यांनीही मग ऐकल्या.

१९. निवडून आल्यावर सदस्याने पक्ष बदलला तर सदस्यत्व जातं का?

२०२४ ची असेंब्ली निवडली गेली तेव्हा आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नव्हता. बाक बदलणाऱ्याला ‘त्रांस्फ्युज’ म्हणतात, वर्तमानपत्रं झोडपतात, पण जागा शाबूत राहते. बेस्ट लूझर म्हणून आलेलाही (प्रश्न ६) पक्ष सोडू शकतो, आणि तिथे खरी पंचाईत होते: ज्या पक्षाच्या नावावर त्याला जागा मिळाली तो पक्ष मागे राहतो आणि माणूस सत्ताधारी बाकावर जाऊन बसतो.